प्रकाश अडवणारं खोकं

मी प्रकाशाला उशीर करायला लावते, असं भोरमध्ये कुणाला सांगितलं की समोरचा माणूस हमखास एसटीचा विनोद करायचा. त्यासाठी पुण्याला जाऊन एवढं शिकायची काय गरज होती, आमच्या डेपोत चार दिवस बसली असतीस तरी जमलं असतं. हा विनोद मी बँकेच्या रांगेत ऐकला, दवाखान्यात ऐकला, सख्ख्या मामाच्या तोंडून चुलतबहिणीच्या लग्नात ऐकला. प्रत्येकाला वाटायचं की तो जगात पहिल्यांदा आपल्यालाच सुचलाय. पुढे मी हसायचं सोडून दिलं आणि मी गर्विष्ठ आहे असं ठरलं. बरंच झालं. गर्विष्ठ बाईला लोक कमी प्रश्न विचारतात.

काम खरं तर सांगायला अवघड नव्हतं. काचेच्या बारीक तारेतून प्रकाशाच्या रूपात निरोप जातात. त्या वर्षांत हायवेच्या कडेला चर खणून त्याच केबल पुरत होते, त्यामुळे तारा सगळ्यांनी पाहिल्या होत्या. दोन निरोप एकाच वेळी एकाच फाट्यावर आले तर एकाला किंचित मागं ठेवावं लागतं. विजेचा निरोप मेमरीत ठेवता येतो. प्रकाशाला अशी ठेवायची जागा नसते. त्याला लांबच्या वाटेनं फिरवून आणणं एवढंच हातात असतं. ती लांबची वाट नखाएवढ्या चिपवर बसवायची, आणि पाहिजे तेव्हा उशीर कमी-जास्त करता आला पाहिजे, हे माझं काम. त्यासाठी मी चिपवर बारीक कड्या आखायचे. प्रकाश कडीत शिरतो, काही फेऱ्या मारतो आणि मग बाहेर पडतो. कडीच्या वर धातूची एक पट्टी असते, ती तापवली की फेऱ्यांचं गणित बदलतं आणि उशीरही बदलतो. एवढं ऐकायला कुणाला सवड नसे. विनोदाला असे.

अब्बांना सवड होती, पण त्यांना ते कळत नव्हतं आणि कळत नाही हे ते सरळ सांगत. त्यांचं भोरमध्ये गादी-उशांचं दुकान होतं. दिवसभर कापसात बसून त्यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या दिसायच्या. फुगवून बोलणाऱ्या माणसाबद्दल ते म्हणत, पिंजला म्हणून कापूस वजनात वाढत न्हाई. माझी जीभ त्यांच्यावर गेली आहे, असं अम्मी म्हणायची. तो तिला माझा दोष वाटायचा.

पुण्यात माझे मार्गदर्शक सर होते. विद्वान माणूस, त्यात शंका नाही. पण भाषणाला उभे राहिले की त्यांच्यातला विद्वान खाली बसायचा आणि जाहिरातवाला उठायचा. आमच्या विषयात दोन आलेख असतात. पहिल्यात दिसतं की उशीर किती वाढवता येतो. दुसऱ्यात दिसतं की उशीर जितका वाढवाल तितका प्रकाश फिका पडतो आणि निरोपाची कड झिजते. सर पहिला आलेख मोठा करून दाखवत. दुसरा त्यांच्या बॅगेतून कधी बाहेर आल्याचं मी पाहिलं नाही. परदेशातल्या एका प्रयोगशाळेशी त्यांचं बोलणं झालेलं होतं. आराखडा पक्का झाला की चिप तिथं बनणार होती, कारण आपल्याकडं तशी सोय नव्हती. पण आराखडा पक्का होत नव्हता. एक कडी तापवली की शेजारची कडीही तापायची आणि सगळं हिशेबाबाहेर जायचं. सरांचा उपाय एकच होता, कड्या लांब लांब ठेव. तसं केलं असतं तर नखाएवढी चिप हातभर झाली असती. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, तू फार नकारात्मक विचार करतेस.

मग शिष्यवृत्तीची मुदत संपली, प्रबंध अर्धा राहिला आणि मी भोरला परत आले. नसरापूरजवळ हायवेला नवीन इंजिनियरिंग कॉलेज निघालं होतं. तिथं मला नोकरी लागली.

कॉलेजच्या संस्थापकांना सगळे भाऊ म्हणत. भाऊंचा आधी खडी क्रशर होता, नंतर पेट्रोल पंप आला, आणि त्यानंतर शिक्षणाची तळमळ आली. इमारत गुलाबी होती. पुढच्या बाजूला खांब, कमान, कारंजं. मागच्या बाजूला प्लास्टर झालेलंच नव्हतं, कारण मागून कुणी पाहत नाही. माझा विषय काय असं भाऊंनी विचारलं तेव्हा मी 'फोटॉनिक्स' म्हणाले, म्हणजे प्रकाशाकडून काम करून घेण्याचं शास्त्र. तो शब्द त्यांना इतका आवडला की पंधरवड्यात त्याचा बोर्ड तयार झाला. बोर्डामागं मोकळी खोली होती.

तो शब्द खोलीत थांबला नाही. तालुक्याच्या बातम्या देणारा एक पत्रकार भाऊंच्या ऑफिसात चहाला यायचा. त्यानं माझ्याशी पाच मिनिटं बोलून बातमी दिली की भोरच्या कन्येनं प्रकाश रोखून धरला. पाठोपाठ चौकात फ्लेक्स लागला. त्यात भाऊ कमरेपासून वर, हात जोडून, नावाआधी शिक्षणमहर्षी. आणि खालच्या कोपऱ्यात माझा पासपोर्टचा फोटो. अब्बा दुकान बंद करून मुद्दाम बघून आले. घरी आल्यावर हातपाय धुतले, जेवायला बसले आणि मग म्हणाले, "तुझा फोटू एवढुसा, त्यांचा एवढा. प्रकाश त्यांनी धरलाय व्हय?"

फ्लेक्सनंतर सत्कार सुरू झाले. वेल्ह्याला शाळेच्या मैदानात कार्यक्रम ठरला आणि भाऊंनी मला आपल्या जीपमध्ये घेतलं. मार्गासनीपर्यंत ते मोबाईलला रेंज शोधत होते, त्यानंतर रेंज गेली म्हणून माझ्याशी बोलू लागले. आमच्या संस्थेत सगळ्या समाजाची माणसं हायती, हे स्टेजवर तुमच्याकडं बघून मी सांगणार, तुमी तेवढं उभ्या ऱ्हावा, असं त्यांनी मला समजावलं. म्हणजे मी एकाच पगारात दोन गोष्टींचा पुरावा होते, विज्ञानाचा आणि एकोप्याचा. ज्या गावात माझ्या पणजोबांच्या आधीपासून आम्ही गाद्या भरतोय, तिथं मला एकोपा म्हणून उभं करायचं हे मला नवीनच होतं. मी उभी राहिले नाही. भाऊंनी ते पाहिलं आणि तरी वाक्य पूर्ण केलं.

भाषणात ते म्हणाले की आमच्या मॅडमनी प्रकाश मुठीत पकडलाय. टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेत वरच्या वाडीवरून आलेले एक म्हातारे मेंढपाळ बसले होते, घोंगडं मांडीवर घेऊन. टाळ्या थांबल्यावर ते उठले आणि शांतपणे विचारलं, "मग आमच्या वाडीत लाईट कवा येनार?"

मैदान हसलं. त्यांना हसण्यासारखं काही वाटत नव्हतं; त्यांना खरंच उत्तर हवं होतं, आणि ते भाऊंकडं नाही, माझ्याकडं बघत होते. मी सांगितलं, बाबा, माझं काम त्या लाईटचं नाही, मला ते आणता येणार नाही. त्यांनी मान डोलावली आणि खाली बसले. भाऊंनी लगेच माईक घेऊन पावसाळ्याआधी खांब उभे करायचं वचन दिलं. खांब आले, पण बऱ्याच वर्षांनी, आणि भाऊंमुळे नाहीत. परत येताना भाऊ म्हणाले की म्हाताऱ्यानं कार्यक्रमाचा विचका केला. त्या दुपारी मैदानात दुसऱ्या कुणी काही धड बोललं असेल तर मला आठवत नाही.

त्यानंतर मान्यता देणारी समिती कॉलेज बघायला येणार असं कळलं आणि रिकाम्या खोलीला जाग आली. भिंती रंगवल्या. एक चांगला कॉम्प्युटर आला, मोठ्या मेमरीचा, तालुक्यात कुणाकडं नसेल असा. भाऊंच्या ऑफिसचा जनरेटर त्याच लाईनवर होता, त्यामुळे लोडशेडिंगमध्येही खोलीतली वीज जात नसे. आमचे विभागप्रमुख पॉलिटेक्निकमधून निवृत्त होऊन आलेले गृहस्थ होते. आयुष्यभर त्यांनी तपासण्या निभावल्या होत्या आणि तेच त्यांचं शास्त्र होतं. एका सकाळी ते मला खोलीत घेऊन गेले. टेबलावर पत्र्याचं राखाडी खोकं ठेवलेलं होतं, नसरापूरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतलेलं. पुढं हिरवा दिवा, मधोमध काळं बटण. बाजूला ऑसिलोस्कोप होता, विजेच्या लहरी दाखवणारं यंत्र, आणि त्याच्या पडद्यावर एक उंचवटा दिसत होता. बटण फिरवलं की उंचवटा उजवीकडं सरकायचा.

"बघा," विभागप्रमुख म्हणाले, "ट्यूनेबल डिले. उशीर हवा तसा कमी-जास्त. तुमचंच आहे."

मी झाकण उघडलं. आत काचेच्या तारेचं एक भेंडोळं होतं, सुबक गुंडाळलेलं, दोन्ही टोकं मोकळी. ते कशालाही जोडलेलं नव्हतं. कोपऱ्यात लहान सर्किट होतं, डिप्लोमाची मुलं दुसऱ्या वर्षाला करतात तसलं, आणि सगळा उशीर त्या सर्किटचा होता. प्रकाशाचा संबंध फक्त हिरव्या दिव्यापुरता. शिवाय माझ्या चिपवरचा उशीर इतका सूक्ष्म की तो ऑसिलोस्कोप आडवा-उभा करून बघितला असता तरी त्याला दिसला नसता. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मायेनं माझ्याकडं पाहिलं. मॅडम, समितीलाही दिसणार नाही, मग अडचण काय, असं ते म्हणाले. समितीसमोर उभं राहून बटण मी फिरवावं, असा त्यांचा बेत होता. मी नाही म्हणाले. ते म्हणाले, बरं, बटण मी फिरवतो, तुम्ही नुसत्या शेजारी थांबा.

समिती आली. कारंजं सुरू केलं गेलं, ते अंगावर उडालं म्हणून बंद केलं गेलं. वाचनालयात पुस्तकं बघायला जितका वेळ लागला त्याच्या कितीतरी पट वेळ फेटे बांधायला लागला. आमच्या खोलीत ते जेवणाच्या थोडं आधी पोचले. मटणाचा वास तोवर जिना चढून वर आला होता. विभागप्रमुखांनी बटण फिरवलं, उंचवटा सरकला. समितीतले एक वयस्कर प्राध्यापक पुढं वाकून बघत राहिले आणि त्यांनी माझ्याकडं वळून विचारलं की यात उशीर नेमका कशानं होतो.

रात्रभर घोकलेलं उत्तर माझ्याकडं नव्हतं. मी सरळ सांगितलं की उशीर त्या सर्किटनं होतो, तार कशाला जोडलेली नाही, आणि या खोक्याचा माझ्या संशोधनाशी संबंध नाही. माझा आराखडा अजून कागदावर आहे, तो पुरा झालेला नाही, आणि झाला तरी चिप इथं बनणार नाही.

आता आभाळ कोसळणार अशी माझी खात्री होती. विभागप्रमुखांचा हात बटणावरच राहिला होता. प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसला.

"ते मला दिसलंच," ते म्हणाले. "पण खोली आहे, टेबल आहे, कॉम्प्युटर आहे. मला तेवढंच बघायचं असतं."

आणि ते जेवायला गेले. कॉलेजला मान्यता मिळाली.

त्या दुपारी आली तेवढी चीड मला त्याआधी कधी आली नव्हती. खोटं बोलणाऱ्या माणसाची चीड येते, पण त्यात निदान त्याला खऱ्याची भीती असते. या प्राध्यापकांना खरंही चालत होतं आणि खोटंही चालत होतं. त्यांचं पोट दोन्हीनं दुखत नव्हतं. संध्याकाळी भाऊंनी बोलावलं. मी राजीनामा मनात लिहूनच गेले. भाऊ खूश होते, समोर उरलेली जिलेबी होती.

"मॅडम, तुमी खरं बोलला, मला राग न्हाई," ते म्हणाले. "पन सांगा, त्यानं झालं काय? कॉलेजचं नुकसान न्हाई झालं. माजं न्हाई झालं."

"मी गप्प बसले असते तर माझं झालं असतं," मी म्हणाले.

"तेबी न्हाई. कुनी ऐकलंच न्हाई, मग नुकसान कसलं?" असं म्हणून त्यांनी जिलेबीची ताटली माझ्याकडं सरकवली.

मी ती खाल्ली नाही. एवढाच काय तो माझा विद्रोह. घरी अब्बांना राजीनाम्याचं विचारलं. ते म्हणाले, सोडायचं असंल तर सोड, पन चिडून सोडू नको, चिडून सोडलेली जागा आपलीच वाटत ऱ्हाती. मी राहिले. पुढच्या आठवड्यात मला पहिल्या वर्षाचं ड्रॉइंग शिकवायला दिलं, म्हणजे शिक्षा. खोलीला कुलूप लागलं आणि किल्ली माझ्याकडं आली, कारण उंदीर शिरतात आणि कुणीतरी लक्ष ठेवायला हवं, असं भाऊंचं म्हणणं होतं.

अशा रीतीनं तालुक्यातला सगळ्यात चांगला कॉम्प्युटर, न जाणारी वीज आणि माणूस न फिरकणारी खोली माझ्या हाती आली. तपासणी झाल्यावर कॉलेजातल्या एकालाही त्या खोलीत काय चालतं हे बघावंसं वाटलं नाही. ड्रॉइंगचा तास संपला की मी तिथं जायचे. विभागप्रमुख खिडकीतून डोकावून पुढं जात; मॅडम रुसून बसतात, असं ते स्टाफरूममध्ये सांगत.

मी कड्या लांब ठेवायचा नाद सोडला. उष्णता शेजारी जाणारच, हे मान्य केलं. मग प्रत्येक पट्टी किती तापली तर बाकीच्या प्रत्येक कडीवर किती परिणाम होतो याचा एकत्र हिशेब मांडला, आणि एकेक पट्टी वेगळी न जुळवता सगळ्या पट्ट्या एकदम जुळवायची रीत बसवली. कड्यांच्या मधे बारीक चर ठेवले, म्हणजे मुळात उष्णता कमी पळेल. लिहायला चार ओळी लागतात. करायला एक पावसाळा आणि एक हिवाळा गेला. एका दुपारी पडद्यावरचा आलेख, जो इतके महिने उंटाच्या पाठीसारखा येत होता, तो वरून सपाट आला. मी आकडे बदलून बघितले. उशीर वाढला, कमी झाला, माथा सपाटच राहिला, म्हणजे कड्या आता एकमेकींचं गणित बिघडवत नव्हत्या. मी उठून खिडकी उघडली. बाहेर खडीचे ट्रक चालले होते. कुणाला तरी सांगावं असं फार वाटलं आणि सांगण्यासारखं त्या अख्ख्या गुलाबी इमारतीत कुणी नव्हतं. घरी जाऊन अब्बांना सांगितलं. त्यांनी सुईत दोरा ओवता ओवता विचारलं, "आता ह्ये कुनाच्या नावावर लागनार?"

प्रश्न रास्त होता. मी पुण्याला पाठवलेला आराखडा सरांनी पाहिला आणि 'आपण' हा शब्द वापरायला सुरुवात केली. आपण हे केलं, आपल्याला हे सुचलं. निदान दोन्ही आलेख सोबत दाखवा, एवढी अट मी घातली. दुसरा तुझ्या प्रबंधात घाल, माझ्या भाषणात नको, असं ते म्हणाले. मी घातला, आणि पहिल्याच्या आधी घातला. चिप परदेशात बनली, मोजमापं आली. उशीर हवा तसा कमी-जास्त होत होता. प्रकाश मात्र मी मांडला होता त्यापेक्षा जास्त फिका पडत होता, कारण खऱ्या कड्यांच्या भिंती माझ्या हिशेबातल्या भिंतींइतक्या गुळगुळीत नव्हत्या. तेही मी लिहिलं. सरांनी त्या परिच्छेदाशेजारी पेन्सिलीनं 'आवश्यक आहे का?' असं लिहून पाठवलं. मी पेन्सिल खोडून तो परिच्छेद तसाच ठेवला.

भाऊंना बातमी कुठून कळली ठाऊक नाही. चौकात पुन्हा फ्लेक्स लागला, 'आमच्या प्रयोगशाळेत जागतिक संशोधन'. मी तो ताठ मानेनं खोटा म्हणायला गेले आणि माझ्या लक्षात आलं की तो खरा आहे. काम त्याच खोलीत झालं होतं, त्याच कॉम्प्युटरवर, त्यांच्याच जनरेटरवर. भाऊंचा इतका राग मला त्यांच्या खोटेपणामुळंही आला नव्हता. त्याच महिन्यात, राग उतरल्यावर, मी नोकरी सोडली. तेव्हा मी चिडलेली नव्हते, हे अब्बांनी दोनदा विचारून खात्री करून घेतलं.

पुण्याला प्रबंधाची तोंडी परीक्षा झाली तेव्हा अब्बा शेवटच्या रांगेत बसले होते, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. सरांनी प्रास्ताविकात माझं कौतुक केलं, त्यात स्वतःचं मिसळून. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई दक्षिणेतल्या होत्या, बारीक आवाजाच्या. त्यांनी प्रास्ताविक ऐकलं नाही, त्या माझी पानं उलटत होत्या. फिक्या प्रकाशाच्या परिच्छेदावर थांबून त्यांनी विचारलं की एवढा उशीर हवा असेल तर मुळात कड्या कशाला, लहान-मोठ्या सरळ वाटा करून त्यांत स्विचनं निवड का नाही करायची? मी म्हणाले, मग उशीर पायरीपायरीनं बदलेल, मधलं काही मिळणार नाही. त्या म्हणाल्या, मधलं लागतं कुणाला? कुणाला लागतं ते मी सांगितलं. त्यांना पटलं नाही. सर मधे पडले, दोघींनी त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही. निकाल जाहीर झाला, लोक चहाला उठले, आणि आम्ही फळ्यापाशी खडू घेऊन तशाच भांडत राहिलो. इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल मला कुणी विचारलेला तो पहिला खरा प्रश्न होता, आणि त्याचं माझ्याकडं अर्धंच उत्तर होतं. हात खडूनं माखले होते. मला फार बरं वाटत होतं.

बाहेर व्हरांड्यात अब्बा दोन कप धरून उभे होते, दोन्हींवर साय आलेली.

"लई भांडत होत्या त्या बाई," ते म्हणाले. "नापास केलं का काय?"

"नाही, पास केलं."

"मग भांडत का होत्या?"

"त्यांनी वाचलं होतं म्हणून," मी म्हणाले.

अब्बांनी एक कप मला दिला. चहा थंड होता, तो आम्ही सायीसकट प्यायलो आणि स्वारगेटकडं निघालो.